सादुलाएव कुठे गेला? खेळावरचे आंतरराष्ट्रीय निर्बंध, सोप्या भाषेत

गंगावेस असो, शाहूपुरी असो की मोतीबाग, कोल्हापुरातल्या तालमींमध्ये हल्ली पोरांच्या मोबाइलवर रशियातल्या दागेस्तान प्रांताच्या कुस्त्या दिसतात. मेहनत संपली, अंगावरची माती निघाली की कुणीतरी व्हिडिओ लावतो, आणि त्यात अब्दुलराशिद सादुलाएव असतोच. रिओ आणि टोकियो, दोन ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णं. मग २०२४ चं पॅरिस आलं आणि हा गडी यादीतच नाही. निवृत्तही झाला नव्हता.

त्याच पॅरिसच्या मॅटवर काय दिसलं? ७४ किलोचं सुवर्ण उझबेकिस्तानच्या राझाम्बेक झामालोवने घेतलं, ८६ चं बल्गेरियाच्या मागोमेद रामाझानोवने, ९७ चं बहरीनच्या अख्मेद ताझुदिनोवने. तिघंही मूळचे दागेस्तानचे, म्हणजे रशियातलेच. अल्बानियाला तोवर एकही ऑलिंपिक पदक मिळालेलं नव्हतं. त्यांची पहिली दोन पदकं पॅरिसच्या कुस्तीतच आली, आणि तीही रशियात जन्मलेल्या दोन पैलवानांनी आणली.

रशियाला बंदी होती, एवढं पोरांना ठाऊक असतं. त्यापुढचं कोडं सुटत नाही. बंदी रशियाला होती तर दागेस्तानचे पैलवान सुवर्ण घेऊन कसे गेले? आणि बंदी क्रेमलिनमध्ये बसलेल्यांना झोंबावी म्हणून होती, तर घरी सादुलाएव का बसला?

आधी शब्द समजून घेऊ

निर्बंध म्हणजे एखाद्या देशाने, काही देशांनी मिळून किंवा संयुक्त राष्ट्रांनी दुसऱ्या देशाच्या व्यवहारांवर घातलेली बंधनं. अमुक माल विकायचा नाही, अमुक बँकेतून पैसे फिरवायचे नाहीत, अमुक नेत्याला प्रवास करू द्यायचा नाही. निलंबन वेगळं. ते सरकार करत नाही, त्या खेळाची जागतिक संघटना करते. फुटबॉलचं 'फिफा', कुस्तीचं 'युनायटेड वर्ल्ड रेसलिंग', सगळ्यांच्या वर आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती. तिसरा प्रकार बहिष्काराचा: आपणच खेळायला जायचं नाही. कागदावर तिन्ही वेगळे, पण खेळाडूच्या दारात येईस्तोवर तिन्हींचा अर्थ एकच उरतो, तू उतरायचं नाहीस.

हे समजायला गावकीकडे बघा. एखादं घर वाळीत टाकलं की ज्याच्यामुळे वाद झाला तो कारभारी बुलेटवर टांग टाकून तालुक्याला जातो, तिथेच किराणा भरतो, तिथेच चहा पितो. अडकते ती पाणवठ्यावर जाणारी सून, आणि शाळेत ज्याच्या शेजारी कुणी बसत नाही ते पोर. वर आणखी एक होतं. घरातली जी माणसं कारभाऱ्यावर आधीपासून चिडून होती, तीसुद्धा आता त्याच्या बाजूने गावाशी भांडायला उभी राहतात.

महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने असं वाळीत टाकणं गुन्हा आहे. देशांच्या गावकीत मात्र हाच रीतसर मार्ग मानला जातो, आणि त्याला कारणही आहे. नुसता निषेधाचा खलिता आणि थेट युद्ध, या दोहोंच्या मध्ये देशांच्या हाती फारसं काही नसतं. म्हणून निर्बंध वाईटच, असं म्हणून मोकळं होता येत नाही. लागतात कुणाला, हे मात्र बघावं लागतं.

पॅरिसची चाळणी

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. चारच दिवसांत ऑलिंपिक समितीने जागतिक संघटनांना सांगितलं की रशिया आणि बेलारूसचे खेळाडू घेऊ नका. पुढे यातून एक मधला रस्ता निघाला, 'तटस्थ वैयक्तिक खेळाडू'. देशाचं नाव नाही, झेंडा नाही, राष्ट्रगीत नाही, पदक मिळालं तरी पदकतक्त्यात नोंद नाही. अटी मुख्यतः दोन: युद्धाला उघड पाठिंबा दिलेला नसावा, आणि सैन्याशी किंवा सुरक्षा दलांशी करार नसावा.

या चाळणीतून पॅरिसला पोचले रशियाचे १५ आणि बेलारूसचे १७ खेळाडू. सादुलाएव चाळणीतच अडकला. ज्या रशियन पैलवानांना आमंत्रण आलं, त्यांच्या वतीने रशियाच्या कुस्ती महासंघाने 'आम्ही येत नाही' असं कळवलं. म्हणजे काही बाहेरच्यांनी अडवले, उरलेले घरच्यांनी.

दुसऱ्या अटीवर आपल्या वाचकाने जरा थांबावं. वरवर ती योग्यच वाटते. पण खेळाडूला पगार कोण देतं? रशियात सैन्याचे आणि पोलिसांचे क्लब देतात. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? कोल्हापूर-सांगलीकडचा पैलवान नोकरी शोधतो ती पोलिसांत नाहीतर सैन्यात. नीरज चोप्रा सैन्यातला. हीच चाळणी उद्या भारताला लागली, तर राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे बहुधा निघून जाईल, कारण तो रेल्वेत आहे, आणि नीरज अडकेल. दोघांनीही धोरण म्हणून काही केलेलं नसेल. फरक फक्त पगाराच्या पावतीवरच्या शिक्क्याचा.

कोल्हापूरचे तिन्ही खेळ यातून गेलेत

हे सगळं रशियाकडचं, आपल्याला काय, असं वाटत असेल तर गेल्या काही वर्षांची उजळणी करू. कुस्ती, फुटबॉल आणि नेमबाजी. या शहराचा जीव ज्या तीन खेळांत गुंतलाय, ते तिन्ही भारतात बंदीच्या कचाट्यात सापडून आलेत.

फेब्रुवारी २०१९. पुलवामाच्या हल्ल्यानंतर दिल्लीतल्या नेमबाजी विश्वचषकासाठी पाकिस्तानी नेमबाजांना व्हिसा मिळाला नाही. ऑलिंपिक समितीने त्या स्पर्धेतल्या पुरुषांच्या २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारातल्या टोकियोच्या दोन जागा काढून घेतल्या आणि भारतात पुढच्या स्पर्धा देण्याबद्दलची बोलणी थांबवली. त्या प्रकारात उतरलेल्या इतर देशांच्या नेमबाजांचा या भांडणाशी काय संबंध? काही नाही. जागा त्यांच्यासाठीही गेली. जूनमध्ये भारताने लेखी हमी दिल्यावर प्रकरण मिटलं.

ऑगस्ट २०२२. भारतीय फुटबॉल महासंघाचा कारभार न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकांच्या हातात होता. फिफाने त्याला बाहेरचा हस्तक्षेप मानलं आणि महासंघ निलंबित केला. अकरा दिवसांत बंदी उठली. आपल्या पेठांतल्या फुटबॉलवाल्यांना ती जाणवलीही नसेल, शाहू स्टेडियमचा हंगाम तेव्हा नव्हताच. पण गोकुलम केरळचा महिला संघ त्या दिवसांत ताश्कंदला पोचलेला होता, आशियाई क्लब स्पर्धा खेळायला. न खेळताच परतला. ज्या पदाधिकाऱ्यांमुळे हे घडलं, त्यांचं एकही विमान चुकलं नाही.

ऑगस्ट २०२३. निवडणुका वेळेत झाल्या नाहीत म्हणून जागतिक संघटनेने भारतीय कुस्ती महासंघ निलंबित केला. सप्टेंबरमध्ये बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत पैलवान अंतिम पंघालने ५३ किलोत ब्राँझ जिंकलं आणि पॅरिसची जागाही मिळवली, पण तिरंगा वर गेला नाही. तटस्थ खेळाडू म्हणून ती लढली होती. निलंबन फेब्रुवारी २०२४ मध्ये उठलं.

या तिन्ही प्रकरणांत बंदी लवकर उठली, कारण ती उठायची अट स्पष्ट होती: हमी द्या, प्रशासक हटवा, निवडणूक घ्या. भारतीय ऑलिंपिक संघटनेचंही तेच. डिसेंबर २०१२ पासून ती निलंबित होती. ७ फेब्रुवारी २०१४ ला सोचीच्या हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनात ल्यूज म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीचा खेळाडू शिव केशवन ऑलिंपिकच्या झेंड्यामागे चालला, ९ तारखेला संघटनेची नवी निवडणूक झाली, ११ ला बंदी उठली. केशवनची शर्यत तोवर संपली होती.

एकाला बंदी, तिसऱ्याचं फावतं

आता सुरुवातीच्या कोड्याकडे. कौशल्य कोंडून राहत नाही. दागेस्तानात एकेका वजनगटात जगज्जेतेपदाच्या लायकीचे अनेक पैलवान, आणि रशियाच्या संघात जागा एक. त्यामुळे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेऊन लढायची वाट तिथे जुनीच आहे. स्वतःच्या देशाचं दारच बंद झाल्यावर त्या वाटेचं मोल आणखी वाढलं. ज्या देशांकडे पैसा आहे, पैलवान नाहीत, त्यांना आयतं सुवर्ण मिळतं. ज्याला दुसरा देश मिळत नाही किंवा नको असतो, तो घरी बसतो.

विम्बल्डनची गंमत तर बघण्यासारखी. २०२२ मध्ये आयोजकांनी रशिया-बेलारूसच्या खेळाडूंना मज्जाव केला. रशियाने विजयाची प्रसिद्धी मिळवू नये, हा हेतू. महिलांचं विजेतेपद जिंकलं एलेना रिबाकिनाने. ती कझाकस्तानकडून खेळते आणि जन्मली मॉस्कोत. शिवाय व्यावसायिक टेनिस संघटनांनी चिडून त्या वर्षी विम्बल्डनचे क्रमवारीचे गुणच रद्द केले. बंदी न घातलेल्या खेळाडूंनाही त्याचा फटका बसला. पुढच्या वर्षी बंदी मागे घेतली गेली.

१९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ७५७ क्रमांकाचा ठराव करून युगोस्लाव्हियावर निर्बंध लादले. त्यात खेळाचा स्पष्ट उल्लेख होता. फुटबॉलची युरो स्पर्धा तोंडावर आलेली, युगोस्लाव्हियाचा संघ पात्र ठरलेला. त्याला बाहेर काढून डेन्मार्कला बोलावलं, आणि डेन्मार्कने अंतिम सामन्यात जर्मनीला २-० हरवून करंडक नेला. ही परीकथा सगळ्यांना आवडते. तिच्या दुसऱ्या बाजूला युगोस्लाव्हियाची एक अख्खी पिढी घरी बसली, हे सांगायचं राहून जातं. त्याच वर्षी बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये त्या देशाच्या खेळाडूंना फक्त वैयक्तिक प्रकारांत, झेंड्याविना, उतरू दिलं. त्यांना तीन पदकं मिळाली आणि तिन्ही नेमबाजीत. तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबतच्या गावात हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, वॉटर पोलो हे त्या देशाचे खरे बलदंड खेळ, पण ते सांघिक. एकटा नेमबाज तटस्थ होऊ शकतो. पाच जणांचा संघ तटस्थ कसा होणार? आणि ज्यांच्यासाठी निर्बंध होते ते तिथले सत्ताधीश मिलोसेविच ऑक्टोबर २००० पर्यंत सत्तेवर टिकले. दरम्यान पेट्रोल आणि सिगारेटच्या चोरट्या व्यापारात राजवटीच्या जवळचे लोक गब्बर झाले.

आपलीही एक दुखरी जागा आहे. पुरुष हॉकीतलं आपलं शेवटचं ऑलिंपिक सुवर्ण १९८० च्या मॉस्कोतलं. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा घुसल्या म्हणून अमेरिकेने बहिष्कार पुकारला होता, आणि पश्चिम जर्मनी, नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया, पाकिस्तान हे संघ तिथे नव्हतेच. सुवर्ण खरंच आहे, अंतिम सामना स्पेनशी ४-३ असा अटीतटीचा झाला. पण फौजा अफगाणिस्तानातून निघाल्या १९८९ मध्ये. बहिष्काराने त्यांना हलवलं नाही, आपल्याला मात्र पदक दिलं.

जकार्ता १९६२: शिक्षेतून निघालेला सवतासुभा

हा प्रसंग जरा सविस्तर सांगतो, कारण त्यात आपली माणसं होती. १९६२ च्या आशियाई स्पर्धा जकार्तात झाल्या. मोतीबाग तालमीचे गणपतराव आंदळकर यांनी तिथे ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य जिंकलं. सांगलीच्या कवठेपिरानचे मारुती माने यांनी फ्रीस्टाइलचं सुवर्ण आणि ग्रीको-रोमनचं रौप्य आणलं. ही पदकं आपल्याकडे पाठ असतात. ती कुठल्या वातावरणात आली, ते सहसा कुणी सांगत नाही.

यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नव्हतं, अरब देशांची आणि चीनची मर्जी राखायला. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे भारतीय सदस्य गुरुदत्त सोंधी यांनी मुद्दा काढला की सगळ्यांना प्रवेश नसेल तर या स्पर्धेला आशियाई म्हणता येणार नाही. जकार्तात संताप उसळला. जमावाने भारतीय दूतावासावर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी फुटबॉलचा अंतिम सामना होता. हजारो प्रेक्षक भारताची हुर्यो उडवत असताना आपल्या संघाने दक्षिण कोरियाला २-१ हरवलं.

ऑलिंपिक समितीने १९६३ मध्ये इंडोनेशियाला निलंबित केलं. नियमाने बघितलं तर बरोबरच. इंडोनेशियाचे अध्यक्ष सुकार्नो यांनी काय केलं? माफी मागितली नाही. त्यांनी 'गानेफो' नावाचा स्वतःचाच मेळा भरवला, नवोदित राष्ट्रांचे खेळ. नोव्हेंबर १९६३ मध्ये सुमारे पन्नास देशांचे खेळाडू जकार्तात जमले, त्यात ऑलिंपिकच्या बाहेर असलेला चीनही होता. ज्याला एकटं पाडायचं होतं त्याच्याभोवती उलट गोतावळा जमला. मग दुसरी शिक्षा निघाली: अॅथलेटिक्स आणि जलतरणाच्या जागतिक संघटनांनी गानेफोत उतरलेल्यांना टोकियो ऑलिंपिक बंद केलं. इंडोनेशिया आणि उत्तर कोरिया या दोघांनी अख्खी पथकं टोकियोतून परत नेली.

त्या परतणाऱ्यांत उत्तर कोरियाची धावपटू सिन किम-दान होती. गानेफोत तिने ८०० मीटर दोन मिनिटांच्या आत पार केले होते, पण तो विक्रम मानला गेला नाही. तिचे वडील कोरियन युद्धात दक्षिणेकडे राहिले होते. ते तिला भेटायला टोकियोत आले आणि बापलेकीला काही मिनिटं मिळाली. सोंधींचा मुद्दा तत्त्वाला धरून होता, ऑलिंपिक समितीचं निलंबनही. किंमत जिने मोजली तिचा इस्रायलच्या व्हिसाशी सुतराम संबंध नव्हता.

रशियाही त्याच वाटेने चाललाय. जून २०२४ मध्ये कझान शहरात ब्रिक्स देशांच्या खेळांचा मेळा झाला. भारतही गेला होता.

कायद्यापेक्षा कंपन्यांना भीती जास्त

निर्बंधांच्या कागदावर बहुतेक वेळा सवलती लिहिलेल्या असतात: औषधं चालतील, अन्न चालेल, काही वेळा खेळही. पण बँक किंवा कंपनी विचार करते की चुकून नियम मोडला तर दंड अब्जावधींचा, आणि हा गिऱ्हाईक सोडला तर तोटा नगण्य. मग ती कायद्याने मागितलेल्या हद्दीच्याही चार पावलं मागे सरकते.

२०१८ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या तोंडावर नायकीने जाहीर केलं की अमेरिकी निर्बंधांमुळे इराणच्या खेळाडूंना बूट पुरवता येणार नाहीत. पायाला सवयीचे झालेले बूट स्पर्धेच्या काही दिवस आधी बदलायचे म्हणजे काय, हे कुठल्याही पेठेतला फॉरवर्ड सांगेल. त्याच वर्षी दक्षिण कोरियातल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सॅमसंगचे फोन सगळ्या खेळाडूंना भेट मिळणार होते. निर्बंधांचं कारण देऊन उत्तर कोरिया आणि इराण यांना वगळल्याचं आधी सांगितलं गेलं. इराणचे परराष्ट्रमंत्री संतापले, आणि मग इराणी खेळाडूंना फोन देण्यात आले.

मार्च २०२२ मध्ये ब्रिटनने रशियन अब्जाधीश रोमान अब्रामोविच यांच्यावर निर्बंध घातले. त्यांच्या मालकीचा चेल्सी क्लब खास सरकारी परवान्यावर चालवायची वेळ आली. क्लबचं दुकान बंद, नवी तिकिटविक्री बंद, बाहेरगावच्या सामन्यासाठी प्रवासखर्चाला मर्यादा. मे महिन्यात क्लब २.५ अब्ज पौंडांना विकला गेला. ती रक्कम युक्रेनच्या पीडितांसाठी जाणार होती. नेमकी कुणाला आणि कशी, यावर वाद होऊन ती वर्षानुवर्षं बँकेत गोठून राहिली.

बोलायचं कुणाशी?

राजनयातला घोळ आणखी अवघड. भांडण मिटवायला समोरच्याशी बोलावं लागतं, आणि समोरच्याचं नाव प्रवासबंदीच्या यादीत असतं. २०१८ च्या त्या हिवाळी ऑलिंपिकला उत्तर कोरियाचं शिष्टमंडळ आलं, त्यातले चोए ह्वी संयुक्त राष्ट्रांच्या यादीत होते. सुरक्षा परिषदेच्या समितीने खास सूट दिली तेव्हा ते येऊ शकले. ऑक्टोबर २०२५ मध्ये अफगाणिस्तानच्या तालिबान सरकारचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्ताकी दिल्लीला आले, तेही अशीच सूट मिळाल्यावर. ज्या समितीने सूट द्यायची, तिथल्या एखाद्या सदस्याला ती भेट नको असेल तर भेट होत नाही. म्हणजे दोन देशांनी कधी बोलायचं, याची किल्ली तिसऱ्याच्या खिशात.

अशा वेळी खेळ उपयोगी पडतो, आणि त्यातही कुस्ती. १९७९ च्या क्रांतीनंतर अमेरिकेचा पहिला क्रीडासंघ इराणमध्ये गेला तो फेब्रुवारी १९९८ मध्ये, आणि तो पैलवानांचा होता. तेहरानच्या तख्ती चषकात प्रेक्षकांनी त्यांचं स्वागत केलं. २०१३ मध्ये ऑलिंपिकमधून कुस्तीच काढायचं घाटत होतं, तेव्हा अमेरिका, इराण आणि रशियाचे पैलवान न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात एकत्र लढले. तिन्ही सरकारांचं तेव्हा एकमेकांशी पटत होतं असं कुणी म्हणणार नाही. २०१७ मध्ये ट्रम्प यांनी इराणी नागरिकांना प्रवेशबंदी केली. उत्तरादाखल इराणने केरमानशाहच्या विश्वचषकाला येणाऱ्या अमेरिकी पैलवानांना नाही म्हटलं. अमेरिकी न्यायालयाने बंदी रोखताच इराणने निर्णय फिरवला, अमेरिकन आले आणि अंतिम लढतीत इराणकडून हरले. हा रस्ता बंद करताना काय गमावतो, याचा हिशेब निर्बंध लिहिणाऱ्यांच्या टेबलावर सहसा नसतो.

"पण दक्षिण आफ्रिकेत तर जमलं ना?"

हा सगळ्यात वजनदार आक्षेप. हो, तिथे खेळबंदीचा उपयोग झाला, असं मलाही वाटतं. १९६४ पासून ऑलिंपिक बंद, १९७० पासून कसोटी क्रिकेट बंद. १९७४ मध्ये भारताने डेव्हिस चषकाचा अंतिम सामना दक्षिण आफ्रिकेशी खेळायला नकार दिला आणि करंडक त्यांना सोडून दिला. त्याचा अभिमान वाटावा असाच तो निर्णय होता.

पण तिथे का जमलं? बंदीची मागणी अन्याय सोसणाऱ्यांकडूनच आली होती. तिथल्या वर्णभेदविरोधी क्रीडा परिषदेची घोषणा होती की असामान्य समाजात सामान्य खेळ असू शकत नाही. अट लख्ख होती: वर्णभेद संपवा. जोडीला परदेशी बँकांनी १९८५ मध्ये हात आखडता घेतला आणि देशात आंदोलन पेटलेलं होतं. एकट्या क्रिकेटने काही झालं नसतं. आणि खेळाने सगळ्यात मोठं काम केलं ते परत येताना. मार्च १९९२ मध्ये वर्णभेद संपवणाऱ्या सुधारणांवर गोऱ्या मतदारांचं सार्वमत झालं तेव्हा त्यांचा क्रिकेट संघ ऑस्ट्रेलियात विश्वचषक खेळत होता. कौल विरोधात गेला तर संघाला परत यावं लागेल, ही शक्यता उघड बोलली जात होती. ६८ टक्क्यांहून जास्त मतदारांनी सुधारणांना होकार दिला. मिळालेलं पुन्हा जाईल, ही भीती कामी आली.

तरीही भलत्यांना फटका बसलाच. बंदी असताना तिथल्या क्रिकेट मंडळाने पैसे ओतून बंडखोर संघ बोलावले. १९८२ मध्ये गेलेल्या इंग्लंडच्या ग्रॅहम गूचला तीन वर्षांची बंदी झाली. पुढे तो कर्णधार झाला आणि १९९० मध्ये लॉर्ड्सवर त्याने आपल्यालाच ३३३ धावा कुटल्या. १९८३ मध्ये गेलेल्या वेस्ट इंडीजच्या खेळाडूंना आजन्म बंदी. ती १९८९ मध्ये उठली तोवर त्यांची उमेद संपली होती, आणि जमैकाचा रिचर्ड ऑस्टिन किंग्स्टनच्या रस्त्यावर आला. गुन्हा एकच, शिक्षा ज्याच्या-त्याच्या मंडळाप्रमाणे. काळ्या खेळाडूने वर्णभेदी राजवटीकडून पैसे घेणं अधिक लागलं, हे समजण्यासारखं आहे. तरी सगळ्यात कडक शिक्षा सगळ्यात गरिबांना झाली, हेही तितकंच खरं.

"मग युक्रेनच्या खेळाडूने हात मिळवायचा?"

ज्याचं गाव बेचिराख झालं, त्याला 'खेळात राजकारण नको' हे ऐकवणं क्रूर आहे. शिवाय खेळाडू नेहमी निरागसच असतो असंही नाही. मार्च २०२२ मध्ये मॉस्कोच्या लुझ्निकी स्टेडियममधल्या पुतिन यांच्या सभेत जलतरणपटू येवगेनी रिलोव दिसला आणि त्याला नऊ महिन्यांची बंदी झाली. त्याने जे केलं त्याची शिक्षा त्याला, हे पटतं.

पण नुसत्या नियमाने काय होतं ते बघा. जुलै २०२३, मिलान, तलवारबाजीची जागतिक स्पर्धा. युक्रेनच्या ओल्हा खार्लानने तटस्थ म्हणून उतरलेल्या रशियन आन्ना स्मिर्नोवाला हरवलं आणि हात मिळवण्याऐवजी तलवार पुढे केली. नियमात हस्तांदोलन सक्तीचं होतं, म्हणून स्पर्धेतून बाद झाली खार्लान. ज्यांच्यासाठी बंदी घातली, त्यांच्यातलीच एक शिक्षा भोगून गेली. बोभाटा झाल्यावर ऑलिंपिक समितीने तिला पॅरिसची जागा देऊ केली. तिथे तिने वैयक्तिक ब्राँझ आणि सांघिक सुवर्ण जिंकलं.

"आणि पाकिस्तान?"

हा प्रश्न चहाच्या टपरीवर पहिला येतो, म्हणून मी शेवटी ठेवला. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाने धोरण जाहीर केलं: पाकिस्तानशी दोन देशांपुरते सामने होणार नाहीत, ना इकडे ना तिकडे. अनेक देशांच्या स्पर्धांत मात्र आपण खेळू, आणि अशा स्पर्धा भारतात असतील तर त्यांचे खेळाडू इथे येऊ शकतील. २०१९ ला हात पोळलेले आहेत, आणि २०३६ चं ऑलिंपिक मागायचं तर व्हिसाची हमी द्यावी लागते, हे बघता धोरण व्यवहाराला धरून आहे. दहशतवादी हल्ल्यांनंतरचा लोकांचा राग खरा आहे, आणि सगळं सुरळीत असल्यासारखी मालिका खेळावी असं मलाही वाटत नाही.

पण हे लागू कुणाला होतं? क्रिकेटला जवळपास नाही. दोन देशांची मालिका २०१२-१३ नंतर झालेलीच नाही, आणि सप्टेंबर २०२५ च्या आशिया चषकात दोन्ही संघ दुबईत तीनदा भिडले. हस्तांदोलन झालं नाही, करंडकावरून नाट्य झालं, सामने मात्र तिन्ही झाले. कारण बहुदेशीय स्पर्धांचा पैसाच त्या सामन्यावर उभा आहे. कबड्डी, हॉकी, कुस्ती यांच्याकडे अशा स्पर्धा मोजक्या. या खेळांची जुनी ये-जा असायची ती आमंत्रणाच्या सामन्यांवर आणि कुस्तीच्या मैदानांवर. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबागेत फाळणीनंतरही सीमेपलीकडचे मल्ल लढून गेले, आणि त्या लढती जुन्या शौकिनांना डाव-प्रतिडावांसकट पाठ आहेत. आजच्या धोरणाप्रमाणे पाकिस्तानचा पैलवान दिल्लीत आशियाई स्पर्धा असेल तर येऊ शकतो. खासबागेत मैदान असेल तर नाही.